पहाऱ्याने विश्वास परत येत नाही

३१ मार्च २०१६ रोजी बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात, पदवीपूर्व शिक्षण खात्याच्या कचेरीपुढे, विद्यार्थ्यांचे जथेच्या जथे येऊन थडकले. अकरावी-बारावीच्या शिक्षणाला कर्नाटकात पदवीपूर्व शिक्षण म्हणतात आणि त्याचा सारा कारभार या कचेरीतून चालत असे. बारावीचा रसायनशास्त्राचा पेपर २१ मार्चला झाला होता. तो फुटल्याचे निष्पन्न झाल्याने रद्द करण्यात आला. फेरपरीक्षेसाठी ३१ मार्च ही तारीख मुक्रर झाली आणि ऐन परीक्षेच्या दिवशी दुसरी प्रश्नपत्रिकाही बाहेर पडल्याचे उघडकीस आले. दहा दिवसांत एकाच विषयाची प्रश्नपत्रिका दोनदा फुटावी, ही गोष्ट निष्काळजीपणाच्या सदरात टाकण्याजोगी खचितच नव्हती. सुमारे पावणेदोन लाख मुलामुलींना पुन्हा तयारीला बसावे लागले आणि अखेर १२ एप्रिलला ती परीक्षा पार पडली.

त्याच एप्रिल महिन्यात पदवीपूर्व महाविद्यालयांतील अध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार पुकारला. वेतनातील तफावत दूर करण्यासाठी कुमार नायक समितीने केलेल्या शिफारशी अमलात आणा, ही त्यांची मागणी होती. पुढे तोडगा निघाला, तपासणी झाली आणि २५ मे रोजी निकाल लागला. परंतु त्या दोन महिन्यांत कर्नाटकातील सामान्य पालकाच्या मनात शिक्षण मंडळाविषयी जो अविश्वास रुजला, त्याची गोष्ट निकालाबरोबर संपली नाही. ती आजही ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण शिक्षकांचा संप मिटल्यावर शाळा आणि समाज यांच्यातील तुटलेला धागा कोणी आणि कसा जोडावयाचा, हा प्रश्न एका राज्यापुरता किंवा एका वर्षापुरता नाही. शिवाय निपाणी, खानापूर, बेळगाव या भागांतील मराठी घरांतली मुलेही बंगळूरहून चालणाऱ्या याच परीक्षांना बसतात. मल्लेश्वरमच्या कचेरीतील कारभाराची झळ त्यांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. अध्यापकांची मागणी न्याय्य होती. सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल सरकारनेच बासनात गुंडाळून ठेवावयाचा, निवेदनांना पोच द्यावयाची पण उत्तर द्यावयाचे नाही, शिष्टमंडळाला आश्वासन द्यावयाचे आणि परीक्षा पार पडली की ते विसरावयाचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. वर्षाचे अकरा महिने ज्याचे कोणी ऐकत नाही, तो बाराव्या महिन्यात तपासणीचा लाल पेन खाली ठेवतो, यात नवल नाही. अत्यावश्यक सेवा कायद्याचा बडगा उगारण्याची भाषा सरकारने तत्काळ केली. पण जो अहवाल वर्षानुवर्षे धूळ खात पडला, त्याच्या अंमलबजावणीला मात्र ‘अत्यावश्यक’ हे विशेषण कधी लागले नाही.

तथापि मागणी न्याय्य असली म्हणजे लढ्याची रीत आपोआप बिनचूक ठरत नाही. गिरणी कामगार संपावर जातो तेव्हा गिरणीचा भोंगा थांबतो आणि मालकाचा नफा थांबतो. सरकारी शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक संपावर जातो तेव्हा कोणत्याही मालकाचा नफा थांबत नाही. उलट सरकारचा त्या दिवसांचा पगार वाचतो. थांबते ते शिकणाऱ्या मुलाचे वर्ष. आणि हे मूल बहुतांशी कोणाचे असते? ज्याच्या बापाची ऐपत खाजगी शिकवणीची आहे, ज्याच्यासाठी देणगी मोजून जागा राखून ठेवता येते, त्याचे फारसे बिघडत नाही. पीण्याच्या कारखान्यात कंत्राटावर राबणारा कामगार, मैसूर रस्त्यालगतच्या कपड्याच्या कारखान्यांत शिवणयंत्रावर वाकलेली स्त्री, रायचूर-कलबुर्गीचा शेतमजूर, यांच्या मुलांना मात्र सरकारी परीक्षेच्या निकालावाचून दुसरी शिडी नसते. म्हणून शिक्षकांच्या संपाचे यश सरकारची किती अडवणूक झाली यावर अवलंबून नसते. पालक शिक्षकाच्या बाजूने उभा राहिला की नाही, यावर ते अवलंबून असते.

२०१६ साली बंगळूरमध्ये हे घडू शकले नाही. त्या वर्षी अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीचे निम्मे गुण आणि सामाईक प्रवेश परीक्षेचे निम्मे गुण धरले जात होते. मेच्या आरंभी ती प्रवेश परीक्षा झाली, तेव्हा बारावीचा निकाल लागलेला नव्हता. वैद्यकीय प्रवेशाचे तर आणखीच त्रांगडे झाले होते. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी पात्रता परीक्षा त्याच वर्षी, १ मे आणि २४ जुलै अशा दोन टप्प्यांत घेण्याचा आदेश दिला. पेपर दोनदा फुटलेला, तपासणी अडलेली, प्रवेशाचे नियम ऐनवेळी बदललेले, अशा तिहेरी कात्रीत सापडलेल्या पालकाला अध्यापकांच्या वेतनश्रेणीचा इतिहास समजावून सांगण्यास कोणी गेले नाही. त्याच्या डोळ्यांपुढे होते ते न उघडलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

राज्यकर्त्यांना हे हवेच होते. प्रश्नपत्रिका फोडून विकणाऱ्यांवर आणि त्यांना खात्यात थारा देणाऱ्यांवर जो संताप उसळला होता, तो अध्यापकांकडे वळविण्याची आयती संधी त्यांना मिळाली. खात्यातील चाळीस अधिकारी व कर्मचारी निलंबित झाले. गुन्हे अन्वेषण विभागाने पकडलेल्यांत सरकारी नोकर होते, तसेच शिक्षकी पेशातली माणसेही होती. येथे अध्यापकांच्या संघटनेला एक मोठी कामगिरी बजावता आली असती. पेपरफुटीचा तडा सर्वांत आधी शिक्षकाच्या अब्रूला गेला आहे, त्याचा छडा लागेपर्यंत स्वस्थ बसणार नाही, असे म्हणून ती विद्यार्थ्यांच्या मोर्चात त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली असती, तर बहिष्काराचा अर्थ लोकांनी निराळा लावला असता. हे दोन लढे एकाच गावात, एकाच महिन्यात, एकाच खात्याविरुद्ध चालू होते. आणि तरीही ते एकमेकांना पाठमोरे राहिले.

या गदारोळात आणखी एक गोष्ट दृष्टीआड झाली. त्या वर्षी बारावीचा निकाल ५७.२० टक्के लागला. म्हणजे दर दहांतील चार मुले नापास झाली. पुढील वर्षी, २०१७ मध्ये, हे प्रमाण आणखी घसरून ५२.३८ टक्क्यांवर आले. प्रश्नपत्रिका कोणी फोडली, हे शोधण्यासाठी पोलीस नेमता येतात. निम्म्याच्या आसपास मुले का नापास होतात, हे शोधण्यासाठी मात्र पालक, शिक्षक आणि खाते यांना एका जागी बसावे लागते. ती बैठक भरली नाही.

तिच्याऐवजी पहारा वाढविण्यात आला. प्रश्नपत्रिकांच्या छपाईपासून वाटपापर्यंत बंदोबस्ताची नवी व्यवस्था आली, कोठारांवर कॅमेरे आले. २०२२ साली दहावी आणि बारावीच्या परीक्षा एकाच नव्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या छत्राखाली आणण्यात आल्या. २०२४ साली दहावीच्या परीक्षाकेंद्रांतील प्रत्येक हालचाल थेट प्रक्षेपणाद्वारे पाहण्याची सोय झाली. बंदोबस्त नको, असे कोणीही म्हणणार नाही. पेपर फोडणारा हा गरिबाच्या मुलाची जागा विकणारा चोर आहे आणि चोराला कुलूप लागलेच पाहिजे. परंतु या कॅमेऱ्याने काय दाखविले ते पाहण्याजोगे आहे. २०२३ मध्ये ८३.८९ टक्के असलेला दहावीचा निकाल २०२४ मध्ये ७३.४० टक्क्यांवर घसरला आणि तोही कृपागुणांची मर्यादा दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांपर्यंत वाढविल्यानंतर. २०२५ मध्ये ही वाढीव सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा पहिल्या परीक्षेचा निकाल ६२.३४ टक्के लागला. परीक्षागृहात कॅमेरा बसविण्यास पैसे मिळाले. वर्गात शिक्षक आहे की नाही, हे पाहणारा कॅमेरा कोठेच नव्हता. नक्कल थांबली आणि तिच्याखाली झाकलेली शिकवण्याची दुरवस्था उघडी पडली. तिची जबाबदारी मात्र मुलांच्या गुणपत्रिकेवर नोंदली गेली.

या दुरवस्थेचे मूळ जागजागी दिसते. कायम पदे भरावयाची नाहीत आणि ‘अतिथी’ या गोंडस नावाखाली वर्षावर्षाच्या बोलीने शिक्षक राबवावयाचे, हे धोरण प्राथमिक शाळेपासून पदवी महाविद्यालयापर्यंत पसरले आहे. कर्नाटकातील पदवी महाविद्यालयांच्या अतिथी अध्यापकांना २०२१ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस आपल्या नोकरीच्या शाश्वतीसाठी काम बंद ठेवावे लागले. घरच्या माणसाला पाहुणा म्हणून वागवावयाचे आणि वर त्याच्याकडून घरधन्याच्या निष्ठेची अपेक्षा धरावयाची, असा हा न्याय आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर करण्याची शिफारस केली आणि २०२० च्या शिक्षण धोरणाने सहा टक्क्यांचेच वचन पुन्हा दिले. एका अहवालातून दुसऱ्या अहवालात हा आकडा चोपन्न वर्षे प्रवास करीत राहिला, पण अंदाजपत्रकापर्यंत काही पोहोचला नाही.

मग विश्वास परत कसा यावा? याचे एक उत्तर कर्नाटकानेच दिले होते. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षणविषयक कार्यगटाच्या शिफारशीनंतर, २८ एप्रिल २००१ च्या आदेशाने, सरकारी शाळांसाठी शाळा विकास व देखरेख समित्या स्थापन झाल्या. पालकांनी आपल्यातून निवडलेले प्रतिनिधी हा त्यांचा कणा होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे, अशी त्याची आज्ञा आहे. या समित्या सर्वत्र जिवंत आहेत असे नाही. कित्येक ठिकाणी त्या मुख्याध्यापकाच्या वहीत सही करण्यापुरत्या उरल्या आहेत. तरीही मजूर बाई शाळेच्या खुर्चीवर बसून हिशेब विचारू शकते, हा अधिकार कायद्याने मान्य केला, ही लहान गोष्ट नाही.

हा कायदा चौदाव्या वर्षापाशी येऊन थांबतो. त्यापुढच्या पदवीपूर्व महाविद्यालयांसाठी कर्नाटकात ज्या विकास समित्या आहेत, त्यांच्या अध्यक्षस्थानी २०१४ च्या परिपत्रकाने स्थानिक आमदाराला बसविले. पालकांच्या लोकशाही अधिकाराची जागा सत्ताधाऱ्यांच्या मेहेरबानीने घेतली की काय होते, हे २०२२ च्या आरंभी उडुपीत दिसले. शिरोवस्त्राच्या वादात याच समित्या हत्यार म्हणून वापरल्या गेल्या आणि मुस्लिम मुलींना महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभे राहावे लागले. ज्या समितीने पालकांना आत घ्यावयाचे, तिनेच मुलींना बाहेर ठेवले. नाव ‘विकास समिती’ असले म्हणजे ती लोकांची होत नाही. तिला कोण निवडतो आणि ती कोणाला जाब देते, यावर सारे ठरते.

हा प्रश्न महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनाही परका नाही. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला राज्य सरकारी कर्मचारी व शिक्षकांचा चोपन्न दिवसांचा संप ज्यांनी अनुभवला, त्यांना इतका दीर्घ लढा कशाच्या बळावर टिकतो, हे ठाऊक आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी १४ ते २० तारखेपर्यंत संप झाला. मागणी रास्त होती. म्हातारपणाचा आधार बाजाराच्या चढउतारावर सोडून देणे हा अन्यायच आहे. पण त्याच आठवड्यात कोल्हापुरात सुशिक्षित बेरोजगार तरुण मोर्चा काढून म्हणाले की, संपकऱ्यांच्या जागी निम्म्या पगारावर काम करण्यास आपण तयार आहोत. या तरुणांना फितूर म्हणून हिणविणे सोपे आहे. वर्षानुवर्षे भरती बंद ठेवून सरकारने त्यांना त्या पायरीवर आणून सोडले, हे खरे. त्यांच्या भरतीची मागणी संपाच्या मागणीपत्रकात पहिल्या ओळीत असती, तर मोर्चाचे तोंड कदाचित दुसरीकडे वळले असते, हेही तितकेच खरे.

अशी फाटाफूट कोठवर जाऊ शकते, हे न्यूयॉर्कने १९६८ साली दाखविले. ब्रुकलिनमधील ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या काळ्या व पोर्तो रिकन कष्टकऱ्यांच्या वस्तीत शाळांचा कारभार प्रयोगादाखल स्थानिक मंडळाकडे देण्यात आला होता. त्या मंडळाने काही शिक्षकांच्या बदल्या केल्या आणि शिक्षक संघटनेने साऱ्या शहरात संप पुकारला. शिक्षणाचे छत्तीस दिवस बुडाले. दहा लाखांवर मुले शाळेबाहेर राहिली. शिक्षकाची नोकरी मनमानीपासून सुरक्षित असावी, हेही योग्य. वस्तीला आपल्या शाळेत अधिकार असावा, हेही योग्य. परंतु या दोन योग्य गोष्टी एकमेकींवर आदळल्या, आणि त्यातून निर्माण झालेली कटुता त्या शहराच्या कामगार चळवळीला पुढे फार काळ भोवली. याउलट २०१८ साली वेस्ट व्हर्जिनियात शिक्षकांनी संपावर जाण्यापूर्वी, शाळेतील जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांसाठी अन्नाची पाकिटे बांधली. राज्याच्या पंचावन्नही परगण्यांतील शाळा नऊ दिवस बंद राहिल्या, तरी लोक शिक्षकांवर उलटले नाहीत. पाच टक्के वेतनवाढ मिळाली ती एकट्या शिक्षकांना नव्हे, राज्याच्या सर्व कर्मचाऱ्यांना.

आपल्याकडे लोकमताचे हे बळ नसेल तर काय वाट्याला येते, तेही विसरून चालणार नाही. जुलै २००३ मध्ये तामिळनाडू सरकारने दीड लाखाहून अधिक संपकरी कर्मचारी व शिक्षकांना एका फटक्यात बडतर्फ केले. त्या प्रकरणी ६ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक अधिकारच नाही, असा निर्वाळा दिला. न्यायासनाने नाकारलेला हा अधिकार टिकवून धरणारी एकच शक्ती उरते आणि ती म्हणजे संपकऱ्याच्या पाठीशी उभी असलेली जनता.

म्हणून संपानंतरचे काम हे संपाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे. शिक्षण मंडळाकडून काही गोष्टी निक्षून मागितल्या पाहिजेत. प्रश्नपत्रिका कोठे फुटली, कोणामुळे फुटली, कोणाला काय शासन झाले, याचा संपूर्ण वृत्तांत लोकांच्या भाषांत प्रसिद्ध झाला पाहिजे. सीमाभागातील मुलांच्या पालकांसाठी तो मराठीतही निघाला पाहिजे. पदवीपूर्व महाविद्यालयांच्या समित्यांवर आणि खुद्द मंडळावर पालकांचे, विद्यार्थ्यांचे व शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. आमदारांनी तेथे लोकांपुढे उत्तरे द्यावीत, अध्यक्षपद अडवून बसू नये. वेतनविषयक वाटाघाटी शैक्षणिक वर्षाच्या आरंभी सुरू होऊन परीक्षेपूर्वी संपल्या पाहिजेत आणि झालेला करार शाळेच्या फलकावर लागला पाहिजे. रिक्त पदे शाळावार जाहीर करून ती भरण्याची मुदत बांधून घेतली पाहिजे.

आणि शिक्षकांच्या संघटनांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी स्वतःकडूनही तितक्याच निक्षून काही मागितले पाहिजे. तपासणीवरील बहिष्कार हे अखेरचे हत्यार आहे. ते उपसण्यापूर्वी गावोगावी, वस्तीवस्तीत पालकांच्या सभा झाल्याच पाहिजेत. लढ्यात बुडालेले तास संघटनेने स्वतः होऊन, सरकारी हुकमाची वाट न पाहता, भरून काढले पाहिजेत. तोडगा निघाल्यावर काय मिळाले आणि काय राहिले, याचा हिशेब सभासदांना देतात तसाच पालकांनाही दिला पाहिजे. अतिथी आणि कंत्राटी शिक्षकाला संघटनेच्या ओट्यावर न ठेवता माजघरात घेतले पाहिजे. परीक्षेची फी, वसतिगृहाचे जेवण, मुलींच्या प्रवासाची बस, प्रयोगशाळेतील रिकामी कपाटे हे प्रश्न मागणीपत्रकाच्या शेपटीला न लावता त्याच्या मस्तकी लिहिले पाहिजेत. पेपर फोडणारा शिक्षक असेल, तर त्याला सर्वांत आधी संघटनेने दूर केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, हे सारे संघटनेवर लादले तर लढ्याची धार बोथट होईल. अनुभव याच्या उलट आहे. ज्या संघटनेला पालकाच्या दारात जाण्याचा संकोच वाटतो, तिला सरकार चार दिवसांत एकाकी पाडते. जिच्या सभेला हमाल, विडी कामगार आणि घरकामगार बाया येऊन बसतात, तिच्यावर अत्यावश्यक सेवा कायदा चालविताना मंत्र्याचाही हात कचरतो.

मल्लेश्वरमच्या रस्त्यावर २०१६ साली उभी राहिलेली मुले आता विशी ओलांडून पुढे गेली आहेत. त्यांतली काही आज शिक्षक झाली असतील. काही वर्षावर्षाच्या बोलीवर ‘अतिथी’ म्हणून राबत असतील. त्या दिवशी त्यांना हवे असलेले उत्तर कोणी दिले नाही. त्यांच्यामागून परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते मिळावे, यासाठी शिक्षक आणि पालक यांना एका सतरंजीवर आणणे, हे कार्यकर्त्यांचे तातडीचे काम आहे. पुढच्या परीक्षेची वाट न पाहता त्याचा आरंभ झाला पाहिजे.